अंगावर घातलेल्याचं वजन होत नाही

विमानतळावर एक रुपयाही खर्च न करणारा माणूस म्हणून आमच्या नातेवाइकांत मी प्रसिद्ध आहे. ही प्रसिद्धी मला वारशाने मिळालेली नाही, ती मी कष्टाने कमावली आहे.

झालं असं की, मी सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कंपनीने एकदा मला ट्रेनिंगला दिल्लीला पाठवलं. विमानतळावर भूक लागली म्हणून समोशाचा भाव विचारला. भाव ऐकून मी आधी समोशाकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा समोशाकडे पाहिलं. त्यात काही वेगळं भरलंय का हेही विचारून घेतलं. "बटाटाच आहे सर," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी उपाशी राहिलो आणि प्रतिज्ञा केली की विमानतळाने आपल्याकडून काही वसूल करायचं नाही. जमलं तर आपणच त्याच्याकडून करायचं.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले. घरून रिकामी बाटली न्यायची, तपासणी झाली की आत फुकटच्या नळावर भरायची. दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी सोबत. मोबाइल घरून अर्धाच चार्ज करून न्यायचा, उरलेला तिकडच्या विजेवर. पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या निम्मं मासिक वाचायचं आणि परतीच्या प्रवासात उरलेलं निम्मं. अत्तराच्या दुकानात नमुन्याची बाटली असते, ती दोन्ही मनगटांवर मारायची. (कॉलरवर मारायला लागलो तेव्हापासून माझी बायको मनीषा माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसते.) नातेवाईक विमानाने कुठे निघाले की आधी मला फोन करतात. मीही भाव न खाता सल्ला देतो. सल्ल्याचा शेवट नेहमी माझ्या सगळ्यात आवडत्या नियमाने होतो. सामान जास्त झालं तर घाबरायचं नाही, जादा पैसे तर मुळीच भरायचे नाहीत. सरळ अंगावर घालायचं. अंगावर घातलेल्याचं वजन होत नाही!

आता मूळ प्रसंग.

माझी धाकटी बहीण पल्लवी लग्न होऊन बंगळुरूला गेली. तिला सातवा महिना लागला, डोहाळजेवण ठरलं. आमचं घर मखमलाबादच्या बाजूला. शेत थोडंच, पण पिढ्यान्‌पिढ्या फुलांचं. शेवंती, गुलाब, झेंडू, बांधाला मोगरा. नाशिकच्या फुलबाजारात आमचा माल रोज जातो. तर पल्लवीच्या सासूबाईंनी आईला फोन केला. बाई चांगल्या आहेत, बोलणंही गोड.

"विहीणबाई, फुलांच्या वाडीची काळजी करू नका हं. इकडे तयार वाडी भाड्याने मिळते. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळा सेट. कापडी फुलं असतात, पण दिसतात अगदी खऱ्यासारखी!"

आई "बरं" म्हणाली. फोन ठेवला. मग बराच वेळ ओट्यावरची भांडी उगाच इकडची तिकडे केली. शेवटी म्हणाली, "बाळू, साऱ्या गावच्या पोरींना वाड्या आपल्या मळ्यातून गेल्या. अन् आपल्या पोरीला भाड्याची? तीबी कापडाची?"

"आई, इतक्या लांब खरी फुलं टिकायची नाहीत."

"टिकत्यात. मी टिकवते. तू फक्त मला तिथं पोचव."

तेवढंच तिचं मागणं होतं. फुलं नेऊन पोचवायची. संध्याकाळी पल्लवी पाटावर बसेल तेव्हा तिच्या अंगावर आमच्या मळ्यातली फुलं असायला हवीत, बस्स. फुलं सुकली तर भाड्याची वाडी तिकडे तयारच होती, आणि आईला नेमकी तीच भीती होती.

आदल्या दिवशी आईने आणि मनीषाने बसून वाडी केली. मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या, मधे मधे गुलाब, कडेला पिवळी शेवंती. आत बारीक तार, म्हणजे मुकुट ताठ राहतो. बायकोने केलेली वस्तू म्हणून सांगत नाही, पण वाडी देखणी झाली होती. मग आईने ती बांबूच्या करंडीत रचली. खाली ओलं गोणपाट, त्यावर केळीची पानं, त्यावर वाडी, वर पुन्हा पानं आणि पुन्हा ओलं गोणपाट. आमच्याकडे माल असाच बाजारात जातो. "आता उद्या संध्याकाळपर्यंत बघायचं नाय," आई म्हणाली.

सकाळी चुलतभावाच्या पिकअपमधून निघालो. पुढे आई आणि मनीषा, मागे झेंडूच्या क्रेटवर मी. (टॅक्सीचे वाचले!) वडील मळ्यातच थांबले, कारण लाइट कधी येईल आणि मोटर कधी लावावी लागेल याचा भरवसा नसतो. विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्या पाठीला झेंडू लागलेला होता, पण मन प्रसन्न होतं. बाटली रिकामी होती, दशम्या बांधलेल्या होत्या. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं.

काउंटरवरच्या मुलीने बॅगा वजनाला घेतल्या आणि म्हणाली, "सर, सामान जास्त आहे."

"शक्य नाही. मी स्टोअरमध्ये आहे. घरी मोजून आणलंय."

मी घरी मोजलं होतं हे खरं. पण मी मोजून झोपल्यावर आई उठली होती. तिने बॅगा उघडून त्यात पेठहून आणलेला तांदूळ, नागलीचे पापड, वर्षाचा काळा मसाला आणि लसणाच्या जुड्या भरल्या होत्या. पल्लवी बंगळुरूला नाही, एखाद्या बेटावर राहते अशी तिची समजूत असावी.

"आई, हा तांदूळ कशाला?"

"ओटीचा हाय."

"ओटीला मूठभर लागतो! हे पोतं आहे!"

"लेकीची ओटी हाय ती. मापानं भरायची का?"

"मग नागलीचे पापड?"

"तिला पहिल्यापासून आवडत्यात. तांदळाला हात लावायचा नाय अन् पापडालाबी नाय. काय काढायचं ते तुझं काढ."

माझं म्हणजे एक शर्ट, एक पँट आणि टॉवेल. टॉवेल काढून खांद्यावर टाकला, तरी वजन उतरेना. मागे रांग वाढत होती. मुलीने जादा सामानाचे पैसे किती होतील ते सांगितलं. रक्कम काही फार नव्हती, आज विचार केला तर हसू येतं. मनीषा हळूच म्हणाली, "अहो, भरून टाका ना."

"भरून टाका?" मी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा काही बोलली नाही. (म्हणजे त्या वेळी बोलली नाही. नंतर पुष्कळ बोलली.)

मग माझी नजर करंडीवर गेली. करंडी चांगलीच जड होती आणि तीही बॅगांबरोबर वजनाला लागली होती. आता करंडीत फुलं किती? नखाएवढी. बाकी काय? ओलं गोणपाट! म्हणजे काय? पाणी! स्टोअरकीपरच्या डोक्यात प्रकाश पडला. पाण्याचं भाडं भरून पाणी बंगळुरूला न्यायचं, जणू तिकडे पाणीच नाही! मी गोणपाट काढलं, पानं काढली, रिकामी करंडी काढली आणि सगळं कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी नीट रचून ठेवलं. वजन बरोब्बर बसलं.

"अरे बाळू," आई कळवळून म्हणाली, "त्या गोणपाटातच तर तिचा जीव होता!"

"आई, आत सगळीकडे एसी असतो. फुलं आणखी ताजी होतील."

एसीचा आणि फुलांचा संबंध मला तेव्हाही नीट माहीत नव्हता. पण मी तो इतक्या ठामपणे सांगितला की आईने वाडी उचलून हातात घेतली.

आता प्रश्न राहिला उघड्या वाडीचा. हातातल्या पिशव्या लाडूंनी आणि करंज्यांनी टम्म फुगलेल्या. त्यात वाडी कोंबली असती तर तिची चटणीच झाली असती. पण माझ्याकडे नियम होता ना!

"मनीषा, ही घाल."

"मी?" मनीषा दोन पावलं मागे सरली. "विमानतळावर वाडी घालून फिरू? एखाद्याने फोटो काढून नाशिकला पाठवला तर? संध्याकाळपर्यंत माझ्या माहेरचे लाडू घेऊन येतील!"

"आई, मग तू?"

"मी? या वयात? मला कितवा लागलाय असं सांगू लोकांना?"

दोघींचं म्हणणं रास्त होतं. वाडी घातलेली बाई म्हणजे एकच अर्थ. पुरुषाच्या बाबतीत मात्र असा कुठलाच गैरसमज व्हायचा प्रश्न नव्हता. तेव्हा मीच गळ्यात हार घातला, दंडाला बाजूबंद बांधले, मनगटात फुलांच्या बांगड्या सरकवल्या. कंबरपट्टा पल्लवीच्या सातव्या महिन्याचा अंदाज घेऊन केलेला होता. तो मला अगदी फिट्ट बसला! मनीषाने तोंडावर पदर घेतला. शेवटी मुकुट उरला. तो हातात धरला तर चुरगळणार, म्हणून डोक्यावर.

तशा अवतारात मी तपासणीच्या रांगेत उभा राहिलो. दारातून आत गेलो आणि यंत्र किंचाळलं. मागे आलो, पुन्हा गेलो, पुन्हा किंचाळलं. मुकुटातली तार! बाजूबंदातली तार! कंबरपट्ट्यात तर आईने दुहेरी घातली होती.

सुरक्षा जवान उंचापुरा, उत्तरेकडचा. त्याने मला मुकुटापासून बुटापर्यंत पाहिलं.

"ये क्या है?"

"फूल है."

"वो दिख रहा है. शादी है आपकी?"

"नहीं नहीं, बहन का डोहाळजेवण है."

"क्या?"

मी मदतीसाठी मागे पाहिलं. मनीषा दुसऱ्या रांगेत उभी होती आणि मला ओळखत नव्हती. मग मीच नाशिकच्या हिंदीत समजावलं, "सातवां महीना लगता है ना, तब पहनते हैं."

जवानाने माझ्या पोटाकडे पाहिलं. कंबरपट्ट्याकडे पाहिलं. त्याच्या शेजारचा दुसरा जवान वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"बहन को लगा है!" मी ओरडलो. "मुझे नहीं! सामान का वजन जास्त हो गया था, इसलिए मैंने पहना!"

"सब उतारिए," तो शांतपणे म्हणाला.

सगळा साज उतरवून ट्रेमध्ये ठेवला. बेल्ट, बूट, पाकीट आणि मुकुट. यंत्रातून ट्रे पलीकडे आला तेव्हा सगळी रांग वाकून बघत होती. पुन्हा घालताना जवानानेच कंबरपट्ट्याची गाठ मागून बांधून दिली. भला माणूस. जाताना म्हणाला, "बहन को हमारी तरफ से आशीर्वाद बोलना."

आत जाऊन खुर्चीवर बसलो. अंगभर फुलं, डोक्यावर मुकुट. थोड्याच वेळात पांढरे कपडे घातलेले एक गृहस्थ समोर येऊन हात जोडून उभे राहिले.

"अभिनंदन दादा! कुठून निवडून आलात?"

"नाही हो, मी…"

"लपवता काय! चेहऱ्यावर दिसतंय. लय मतांनी आला ना? मीबी इकडचाच. आपला माणूस आला म्हणल्यावर चहा तर पाहिजेच!" आणि त्यांनी मागे वळून हाक मारली, "या रे, दादा चहा पाजताहेत!"

मागून पाच-सहा जण उठले. समोर चहाचा काउंटर. एका कपाची किंमत मला दुरून दिसत होती आणि सहांचा गुणाकार आपोआप झाला. त्या क्षणी मी जे बोललो ते कुठल्याही स्वाभिमानी पुरुषाने बोलू नये.

"थांबा! मी निवडून आलेलो नाही! ही डोहाळजेवणाची वाडी आहे!"

सगळे थांबले. गृहस्थांनी जोडलेले हात हळूहळू सोडले. "बरं बरं," ते म्हणाले, "काळजी घ्या." आणि निघून गेले. इज्जत गेली, पण चहाचे वाचले. प्रतिज्ञा अजून शाबूत होती, आणि मनीषा आता सहा खुर्च्या सोडून बसली होती.

एवढ्यात घोषणा झाली की काही तांत्रिक कारणामुळे आमच्या विमानाला उशीर होणार आहे. किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आमची खुर्ची काचेच्या भिंतीजवळ. उन्हाळा तोंडावर आलेला, ऊन थेट अंगावर. त्यात मी जाड अंगाचा, घामाचा माणूस. ज्या एसीवर मी हवाला ठेवला होता तो माझ्यापर्यंत येईपर्यंत दमून जात होता.

आई माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्याकडे नाही, हाराकडे बघत होती. तिने एक कळी बोटाने हळूच उलटवली. आतून ती तांबूस पडली होती.

"बाळू," ती म्हणाली, "फुलं चालली."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदराच्या टोकाने डोळे पुसले आणि समोर बघत राहिली. मला तेव्हा एकदम लाज वाटली. कचऱ्याच्या डब्याशेजारी मी नीट रचून ठेवलेलं ते ओलं गोणपाट डोळ्यांपुढे आलं. मी परत धावत गेलो, पण जवानाने हात आडवा केला. एकदा आत आलेल्याला बाहेर जाता येत नाही. (गेलोच असतो तर परत येताना पुन्हा ते यंत्र, पुन्हा ती तार, पुन्हा सातवा महिना!)

"पाणी मार त्यावर," आई म्हणाली.

फुकटच्या नळावरून बाटली भरून आणली. हार उतरवून आईच्या मांडीवर ठेवला, त्यावर पाणी शिंपडलं. पाणी कोमट.

"गार पायजे. बर्फ असता तर फडक्यात गुंडाळून नेली असती."

बर्फ! मी कॉफीच्या काउंटरवर गेलो. मुकुट अजून डोक्यावरच होता, हे तिथल्या बाईंच्या चेहऱ्यावरून लक्षात आलं.

"थोडा बर्फ द्याल का?"

"आइस्ड कॉफी सर?"

"कॉफी नको. नुसता बर्फ."

"सर, नुसत्या बर्फाचं बिल होत नाही."

"मग बिल नका करू, तसाच द्या!"

"बिलाशिवाय काहीच देता येत नाही सर. कॉफी घ्या, त्यात बर्फ येतो."

मी भाव पाहिला. मागे वळून आईकडे पाहिलं. ती हार मांडीवर घेऊन त्याच्यावर फुंकर घालत होती. जादा सामानाच्या पैशांसाठी झगडलो होतो, चहासाठी इज्जत गमावली होती आणि आता हे. पण तिची ती फुंकर बघून मला दुसरं काही सुचेना. मी पाकीट काढलं.

"एक द्या. बर्फ जास्त, कॉफी कमी."

पहिल्या ग्लासातला बर्फ ओंजळभरसुद्धा निघाला नाही. माझ्या टॉवेलच्या घडीत तो ठेवला, त्यावर मुकुट ठेवला, मुकुट जरा शहारला. पण हार? बाजूबंद? कंबरपट्टा? दुसरा ग्लास आणला. मग तिसरा. मग बाईच म्हणाल्या, "सर, मोठा ग्लास घ्या, त्यात बर्फ डबल असतो." मोठा घेतला. एकाने भागेना म्हणून दोन घेतले. इकडे आई आणि मनीषा (ती आता परत शेजारी येऊन बसली होती) चमच्याने ग्लासातून बर्फ उपसत होत्या आणि टॉवेलवर थर लावत होत्या.

आता खाली उरली कॉफी. ती फेकायची? पैसे मोजलेली वस्तू? माझ्या हयातीत नाही! मी आधी दोन ग्लास संपवले. मग मनीषाला एक दिला. मग आईला.

"ई!" आई म्हणाली. "ही तर गार झालीये. कुणाची राहिली ही?"

"अशीच असते ती. पी."

"गार कॉफीला एवढे पैसे? गरम करून द्यायला सांग त्यांना!"

"आई, पी गं!"

मग उरलेले सगळे मीच प्यालो. हृदय कानात वाजायला लागलं. विमान लागल्याची घोषणा झाली तेव्हा मी काउंटरवर शेवटचा मोठा ग्लास घेत होतो आणि त्या बाई मला विचारत होत्या, "सर, तुम्ही बरे आहात ना?" एकूण किती झाले तो आकडा इथे लिहीत नाही, कारण हे मनीषा वाचणार आहे. एवढंच सांगतो की जादा सामानाचे पैसे भरले असते, वर त्या पांढऱ्या कपडेवाल्यांना आणि त्यांच्या मंडळींना दोनदा चहा पाजला असता, तरी स्वस्तात सुटलो असतो.

विमानात वाडी टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो. हवाईसुंदरीने विचारलं, "सर, काही घेणार? चहा, कॉफी?" मनीषा आणि आई एकदमच म्हणाल्या, "नको!" बर्फ वितळत राहिला, पाणी माझ्या पँटमधून वाट काढत राहिलं. बंगळुरूला उतरलो तेव्हा मी पुढून पूर्ण भिजलेला होतो. ओलं दिसू नये म्हणून लोकांकडे पाठ करून चाललो, तर पाठीला झेंडू होता.

पल्लवीच्या घरी पोचलो. हॉल बायकांनी भरलेला. टेबलावर भाड्याची वाडी प्लास्टिकच्या खोक्यात चमकत होती. पल्लवी हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. आम्हाला बघताच म्हणाली, "दादा, तू ओला का आहेस?"

आई सरळ पाटाशी गेली. खाली बसली, टॉवेल उलगडला. काही कळ्या तांबूस झाल्या होत्या, त्या तिने पटापट खुडून टाकल्या. बाकीच्या मिटलेल्या होत्या, गार होत्या आणि नेमक्या त्याच वेळी उमलायला लागल्या होत्या. पल्लवीच्या कपाळावर तिने मुकुट बसवला. हार, बाजूबंद, शेवटी कंबरपट्टा. माझ्या अंगावर बसला तसाच तिलाही फिट्ट बसला. (माझ्या पोटाबद्दल तेव्हा कुणी काही बोललं नाही, याबद्दल मी सगळ्यांचा आभारी आहे.) सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. भाड्याचं खोकं कुणीतरी हळूच टेबलाखाली सरकवलं.

पल्लवीने हार नाकाशी नेला. डोळे मिटले. पुन्हा नाकाशी नेला. "आई," ती म्हणाली, "याला कॉफीचा वास येतोय."

मी खाली बघितलं.

"डॉक्टरांनी माझी कॉफी बंद केलीय गं, आणि रात्रंदिवस मला फक्त कॉफीच हवीशी वाटतेय. हे कुणाला सांगितलं होतं मी?" आणि ती हसत हसत रडायलाच लागली. डोहाळजेवणाच्या प्रत्येक फोटोत ती हारात नाक खुपसून बसलेली आहे. पाहुण्यांना वाटतं, लाजतेय.

तिच्या सासूबाई आईजवळ आल्या. "विहीणबाई, खरंच कमाल केलीत. एवढ्या लांबून इतकी ताजी कशी राहिली हो?"

आई माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी, "आमच्या बाळूनं बर्फात घालून आणली. विमानतळावर पैशाकडं बघितलंसुदिक नाय त्यानं!"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला दिलदार म्हटलं होतं, तेही आईने, आणि तेही चारचौघांत. मी तोंड उघडलं, पण खरं काय ते सांगायचं धाडस झालं नाही.

त्याचे परिणाम मी अजून भोगतोय. नातेवाईक आता सल्ल्यासाठी नाही, सोबतीसाठी फोन करतात. "बाळूदादा बरोबर असला की खाण्यापिण्याची चिंता नाही," असं म्हणतात. बारशाची तिकिटं मनीषाने काढली, जादा सामानाचे पैसे तिने माझ्या नकळत आधीच भरून टाकले. आणि विमानतळावर आत शिरलो तशा कॉफीच्या काउंटरवरच्या बाई लांबूनच हात हलवून म्हणाल्या, "या सर! आज मुकुट नाही?"